ईशानीसाठी बाजरीची बिस्किटं

ईशानी सात वर्षांची झाली तरी तिला पाच वर्षांच्या मुलीचे फ्रॉक होत होते. हातपाय काडीसारखे, पोट मात्र पुढे आलेलं, आणि दर आठ-पंधरा दिवसांनी जुलाब. दूधविनायकाच्या गल्लीतले वैद्य झाले, चौकातले दोन डॉक्टर झाले, जंतांची औषधं तीनदा देऊन झाली. पोरगी काही खात नाही का, असं शेजारणी मुक्ताला विचारायच्या. पोरगी खायची. पोळी, पराठा, शिरा, सगळं आवडीनं खायची, आणि तेच तिला बाधतंय हे कळायला दोन वर्षं गेली.

शेवटी मोठ्या हॉस्पिटलात तिचं रक्त तपासलं, तोंडातून नळी घालून आतड्याचा कणभर तुकडा काढून पाहिला. पोटविकाराच्या डॉक्टरीणबाईंनी आईबापांना समोर बसवून सांगितलं, या मुलीच्या आतड्याला गहू सोसत नाही. गहू, मैदा, रवा, जव, सगळं बंद. चिमूटभरसुद्धा नाही. किती दिवस, असं केयूरनं विचारलं. बाई म्हणाल्या, जन्मभर.

केयूर बँकेत होता. त्याच्या घराण्याची ही काशीतली पाचवी पिढी. वडील श्रीनिवास, ज्यांना घरात नाना म्हणत, ते संस्कृत पाठशाळेत शिकवून निवृत्त झाले होते. मुक्ता सोलापूरकडची, लग्न होऊन इथे आलेली, मुलींच्या एका शाळेत गणित शिकवायची. हॉस्पिटलातून परतताना केयूर वाटभर रिपोर्ट पुन्हा पुन्हा उघडून पाहत होता. मुक्ता मात्र मनात हिशेब मांडत होती. माहेरी रोज ज्वारीची भाकरी, हिवाळ्यात बाजरीची. गहू नाही तर नाही, एवढंच ना?

एवढंच नव्हतं. घरच्या जेवणाचा प्रश्न सुटला, पण डब्याचा सुटेना. भाकरी मधल्या सुट्टीपर्यंत वातड व्हायची आणि ईशानी ती तशीच परत आणायची. भात तिला डब्यात नको असायचा. बाकीच्या मुलींच्या डब्यांत काय असतं, असं एकदा विचारलं तर ती म्हणाली, बिस्किटं. मग मुक्तानं ठरवलं, बिस्किटं करायची. गोड नाहीत, खारी, चहाबरोबर खातात तशी.

पहिल्या खेपेला बिस्किटं ताटातून उचलेपर्यंत हातात भुगा झाली. गव्हाच्या पिठाला जो चिवटपणा असतो तो बाजरीला नाही, पीठ एकमेकांना धरतच नाही. दुसऱ्या खेपेला पाणी जास्त झालं आणि दगड तयार झाले. नानांनी ते चहात बुडवून खाल्ले आणि छान झालेत म्हणाले, पण नाना काहीही छान म्हणायचे. तिसऱ्या, चौथ्या खेपेचं तर मुक्तानं कुणाला दाखवलंही नाही. मग एक दिवस तिला आईची भाकरी आठवली. पीठ जुनं झालं की आई त्याची उकड काढायची, म्हणजे भाकरी चिरत नसे. मुक्तानं तिसरा हिस्सा पीठ उकळत्या पाण्यात घालून झाकून ठेवलं. उरलेल्या पिठात थोडी ज्वारी मिसळली, तूप चोळलं, दही, ओवा, जाडसर मिरी, तीळ आणि मीठ घातलं, चमचाभर इसबगोल टाकलं, आणि उकड गार झाल्यावर सगळं एकत्र मळलं. प्लास्टिकच्या दोन कागदांत लाटलं, वाटीनं गोल कापलं, काट्यानं टोचे मारले. मंद आचेवर अर्धा तास. ओव्हन बंद केल्यावरही ट्रे आतच राहू दिला. काढून एक मोडलं तर कट्‌ असा आवाज आला. स्वयंपाकघरात एकटी उभी राहून ती हसली.

पण पिठाचं प्रकरण त्याहून वाईट होतं. गल्लीतल्या चक्कीवर दिवसभर गहू दळले जायचे, त्याच दगडांतून बाजरी काढली की गहू आलाच. म्हणून घरघंटी आणली. विशेश्वरगंजाच्या धान्यबाजारातून बाजरी आणायची, तर तिच्यातही किलोमागे गव्हाचे पाच-सात दाणे निघायचे. मुक्ता खिडकीशी ताट घेऊन बसायची आणि एकेक चिमूट सरकवत दाणे निवडायची. दळलेली बाजरी चार दिवसांत कडवट होते, म्हणून आठवड्यातून दोनदा हे सगळं करायचं. पहाटे नाना शिंदे घाटावर स्नानाला निघाले की तिचा ओव्हन लागायचा आणि ते ओल्या धोतराचा पिळा घेऊन परतेपर्यंत दोन ट्रे निघालेले असायचे. मग स्वयंपाक, मग शाळा.

सहा महिन्यांनी रक्त तपासलं तर गव्हाचा दोष दाखवणारा आकडा निम्म्यावर आला होता. ईशानीचं वजन वाढलं. गाल भरले. डबा रोज रिकामा यायचा. मैत्रिणींनाही आवडतात, जास्त दे, असं ती म्हणू लागली, तेव्हा मुक्तानं डब्यातली बिस्किटं सहाची दहा केली. आपल्या शाळेतल्या बायकांना ती कौतुकानं सांगायची.

वर्ष झालं, आणि आकडा परत चढला. पहिल्याइतका नाही, पण चढला. ईशानीची उंची गेल्या खेपेला होती तेवढीच होती.

डॉक्टरीणबाईंनी कागद टेबलावर ठेवला आणि चष्म्यावरून पाहत विचारलं, "घर में खाना कौन बनाता है?"

मी, असं मुक्तानं सांगितलं.

मग बाई बोलायला लागल्या. कुठेतरी गहू पोटात जातोय, रोज नाही तरी नेमानं जातोय. शिकलेल्या घरातल्या बायकासुद्धा निष्काळजीपणा करतात, एकच पळी, एकच तवा, थोड्यानं काय होतं म्हणतात. या मुलीची हाडं कच्ची राहतील, ती वाढायचीच थांबेल, मग रडून उपयोग नाही. मुक्ता सांगायचा प्रयत्न करत होती की तवा वेगळा आहे, घरघंटी आहे, दाणेसुद्धा निवडते. बाई ऐकून घेत होत्या, पण रोज नवा बहाणा ऐकणारं माणूस ऐकतं तसं. केयूर शेजारच्या खुर्चीत बसला होता. त्याच्या मांडीवर ईशानी होती आणि तो तिच्या वेणीची रिबिन सारखी करत होता.

बाहेर आल्यावर त्यानं मुक्ताच्या खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नकोस," तो म्हणाला. "माणूस आहेस, होते चूक एखादी."

त्या वेळी मुक्ताला त्याचं बोलणं फार बरं वाटलं. पुढे कितीतरी महिने तिला या एका गोष्टीची सगळ्यात जास्त लाज वाटत राहिली.

घरी येऊन तिनं घरातला गहूच बंद केला. पोळी नाही, रवा नाही, शेवया नाहीत. नानांनी एका शब्दानं विरोध केला नाही, या वयात त्यांनी भाकरी आणि भात पत्करला. केयूर कुरकुरला, पण त्याला बँकेच्या कँटीनचा रस्ता होता. तरी मुक्ताचं समाधान होईना. ईशानीच्या शाळेत काय होत असेल, मधल्या सुट्टीत कोण काय देत असेल, दुपारी घरी आल्यावर शेजारी काय खात असेल, हे पाहायला कुणीतरी हवं होतं. मार्चमध्ये तिनं नोकरीचा राजीनामा दिला. अकरा वर्षं शिकवत होती. मुख्याध्यापिका म्हणाल्या, रजा घ्या, सोडू नका. मुक्ता म्हणाली, माझंच कुठेतरी चुकतंय, ते शोधायला मला वेळ पाहिजे.

आता सकाळ-दुपार ती ईशानीच्या मागे असायची. डबा स्वतः भरायची, शाळेच्या फाटकापर्यंत जायची, परतल्यावर हात हुंगायची. ईशानी वैतागायची. शेजारच्या कस्तुरीच्या वाढदिवसाला मुक्तानं तिला आपल्या डब्यासकट पाठवलं आणि स्वतः दाराशी बसून राहिली, तेव्हा ईशानी दोन दिवस बोलली नाही. मुक्तानं ते सोसलं. तिनं एक वही केली. तारीख, वार, काय खाल्लं, पोट दुखलं का, शौचाला कशी झाली. गणिताच्या बाईची वही, रकाने आखलेली.

जुलैत एका दुपारी ती वही चाळत होती. पोटदुखीच्या नोंदींखाली तिनं पेन्सिलनं रेघ मारत नेली. चार पानं झाल्यावर तिचा हात थांबला. सोमवार. सोमवार. सोमवार. एक मंगळवार. पुन्हा सोमवार. मे महिन्यात केयूर ट्रेनिंगला लखनौला गेला होता, ते दोन आठवडे कोरे.

रविवारी सकाळी ईशानी चित्रकलेच्या वर्गाला जायची आणि केयूर तिला घेऊन जायचा. एवढी एकच वेळ मुक्ता दोघांना सोडून द्यायची, बापलेकींनी थोडं हिंडावं म्हणून. मुक्तानं वही मिटली. आपल्या मनात आलं ते खोटं ठरो, असं तिनं देवापुढे उभं राहून म्हटलं, आणि रविवारची वाट पाहिली.

रविवारी दोघं निघाली आणि तासाभरानं ती मागोमाग निघाली. वर्ग सुटायच्या वेळेला ती वर्गाच्या वाटेवरच्या चौखंब्याच्या वळणावर एका साडीच्या दुकानाच्या पायरीशी उभी राहिली. समोर कचोरीचं दुकान होतं, कढईभोवती सकाळची गर्दी. तिला फार वेळ उभं राहावं लागलं नाही. केयूरनं ईशानीला बाकावर बसवलं. दुकानदारानं न विचारता पानाचे दोन द्रोण पुढे केले, म्हणजे ही माणसं नेहमीची होती. ईशानीनं कचोरी मोडली, तरकारीच्या रश्शात बुडवली, तोंडात घातली आणि डोळे मिटून घेतले. मग जिलबी आली. केयूर काहीतरी म्हणाला आणि ती इतकी हसली की पाक हनुवटीवर ओघळला. त्यानं खिशातून रुमाल काढला, तिची हनुवटी पुसली, बोटं एकेक करून पुसली, नखांच्या कडासुद्धा पुसल्या. मग तिच्या तोंडापाशी नाक नेऊन वास घेतला आणि तिला बडीशेप दिली.

पुढे जाऊन द्रोण हिसकावून घ्यावा, हे मुक्ताच्या मनात येऊन गेलं. पण तिचा राग कचोरीवर नव्हता. पोरगी आपल्याजवळ अशी कधी हसली होती, ते तिला आठवेना. ती मागे फिरली आणि त्यांच्याआधी घरी आली.

साडेअकराला दोघं आली. ईशानीनं चित्र दाखवलं, चपला जागेवर ठेवल्या, हात धुतले. मग स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाली, "आई, भूक लागली. बिस्किटं दे ना."

मुक्तानं दोन बिस्किटं दिली. ईशानीनं ती तिच्यासमोर उभं राहून शेवटच्या कणापर्यंत खाल्ली. आठ वर्षांची पोर, एका नजरेनंसुद्धा चुकली नाही.

दुपारी ईशानी निजल्यावर तिनं केयूरला माजघरात बोलावलं. नाना तिथेच पोथी घेऊन बसले होते. ते उठू लागले तर ती म्हणाली, नाना, बसा. आवाज न चढवता तिनं पाहिलं ते सगळं सांगितलं, आणि किती दिवस चाललंय हे विचारलं.

केयूरनं नाकारलं नाही. गेल्या दिवाळीपासून, म्हणाला. वर्गाबाहेर सगळ्या मुली कचोरी खात होत्या आणि ही भिंतीकडे तोंड करून उभी होती, ते त्याला पाहवलं नाही. आठवड्यातून एकदाच, तेही थोडंसं. डॉक्टर लोक वाढवून सांगतात. आपण इथे जन्मलो, कचोरी खाऊन वाढलो, ही पोरगी बनारसमध्ये राहून जन्मभर बाजरी चघळणार का?

"आकडा चढला तेव्हा तुम्हाला कळलं होतं ना, कशानं चढला?" मुक्तानं विचारलं.

केयूरनं मनगटावरचं घड्याळ सरकवून सारखं केलं.

"बाई मला बोलत होत्या. तुम्ही शेजारी बसला होता."

"तिथे काय सांगणार होतो? पोरीसमोर माझा तमाशा व्हायला हवा होता का?"

"मी नोकरी सोडली, तेव्हाही सांगितलं नाहीत."

"सोड असं मी म्हटलं नव्हतं," केयूर म्हणाला. आणि ते खरंच होतं, त्यानं म्हटलं नव्हतं.

नानांनी पोथी बाजूला ठेवली. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं आणि त्यांचा चेहरा उतरला होता. ते हळूच म्हणाले, "चुकलंच त्याचं. पण बाप आहे, मुक्ता. मायेपोटी केलं त्यानं."

"आणि मी कशापोटी करत होते, नाना?"



ईशानी जागीच होती. ती दाराशी येऊन उभी राहिली होती, किती वेळ ते कुणास ठाऊक. मुक्तानं तिला जवळ बोलावलं, पण ती बापाजवळ गेली. मुक्तानं तिला समजावायला सुरुवात केली की यानं आतडी झिजतात, उंची थांबते, म्हणून बाबानं असं करायला नको होतं. ईशानी ऐकून घेत होती. मग एकदम म्हणाली, "तुझी बिस्किटं मला आवडतच नाहीत. मी शाळेत वाटून टाकते. त्या मुलींना आवडतात."

केयूर म्हणाला, असं बोलू नये आईला. पण त्याचा हात तिच्या पाठीवरून फिरत होता.

रविवारची कचोरी बंद झाली. केयूरनं शब्द दिला आणि पाळला. तेवढा तो प्रामाणिक होता. पण त्यानं चित्रकलेचा वर्गही बंद केला. आता त्या रस्त्यानं पोरीला नेऊन काय तिचा जीव जाळायचा, असं म्हणाला. रविवारी सकाळी बापलेक टीव्हीपुढे बसून असायची आणि मुक्ता खोलीत आली की दोघंही गप्प व्हायची. मुक्तानं आपल्या जुन्या शाळेत जाऊन नोकरीचं विचारलं. तिच्या जागी जूनमध्येच दुसरी बाई घेतली होती. मुख्याध्यापिकांनी चहा पाजला आणि पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या.

ती बिस्किटं करत राहिली. मिरी कमी केली, चीज घालून पाहिलं, नाचणीची केली, चांदणीच्या आकाराची कापली. ईशानीला दुसरं काही मिळत नव्हतं म्हणून ती खायची. आवडतात का, हे मुक्तानं पुन्हा विचारलं नाही.

जानेवारीत परत रक्त तपासलं. आकडा खाली आला होता, पहिल्यांदाच जवळजवळ निरोगी पातळीवर. सहा महिन्यांत ईशानी चार सेंटीमीटर वाढली होती. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला, तोंडभर हसल्या, ईशानीला शाबासकी दिली. आणि केयूर पुढे सरकून म्हणाला, "हम लोगों ने बहुत परहेज़ रखवाया, मैडम."

मुक्ता बोलायचं ठरवून आली नव्हती. पण ते 'हम लोग' ऐकलं आणि तिच्याच्यानं राहवलं नाही. सावकाश, एकेक शब्द सुटा करून ती म्हणाली, "पिछली बार आपने मुझे डाँटा था। तब हर इतवार इसे कचौड़ी-जलेबी यही खिलाते थे। और यहीं बैठे थे, चुपचाप।"

केयूरचा चेहरा काळवंडला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग मुक्ताकडे, मग दाराबाहेरच्या रांगेकडे. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"अब जो हुआ सो हुआ," त्या म्हणाल्या. "फिर भी, ध्यान तो माँ को ही रखना पड़ता है।"

पुढच्या तपासणीची तारीख लिहून त्यांनी कागद मुक्ताच्या हातात दिला.

बाहेरच्या लांबलचक व्हरांड्यातून तिघं चालत होती. केयूर पुढे गेला, रिक्षा बघतो म्हणून. मुक्तानं ईशानीचा हात धरायला हात पुढे केला. ईशानीनं आपला हात स्वेटरच्या खिशात घातला. ती रडत नव्हती. तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, "आपने सबके सामने क्यों बोला?"

मुक्ताला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. पोरगी तिला कधी आप म्हणाली नव्हती. घरात तिच्याशी हिंदीत बोललीही नव्हती. "ईशानी," ती म्हणाली, "मी खरं तेच सांगितलं."

"ठीक है," ईशानी म्हणाली आणि पुढे बापाकडे धावली.

मुक्ताला वाटलं, दोन दिवसांचा रुसवा आहे, निघून जाईल. तो गेला नाही. बाबांशी आणि नानांशी ईशानी मराठीत बोलायची, गल्लीतल्या मैत्रिणीशी बोलावं तशी खळखळून. आईशी हिंदीत, मोजकं आणि अदबीनं. डिब्बा भर दिया? जी. नहीं, और नहीं चाहिए. नानांनी एकदा तिला पुढ्यात बसवून सांगितलं, बाळ, आईशी मराठीत बोलावं. ती हो म्हणाली आणि तसंच करत राहिली. केयूरला विचारलं तर तो म्हणाला, वय असतं एकेक, आणि शाळेत हिंदीच बोलतात सगळी. तो आता मुक्ताशी गरजेपुरतंच बोलायचा. डॉक्टरांपुढे झालेला अपमान तो विसरला नव्हता आणि आपण केलेलं कधीचाच विसरला होता.

दूधविनायकाच्या देवळात संकष्टीच्या दिवशी शेजारची कस्तुरीची आई भेटली. ईशानीकडे पाहून तिनं तोंडभर कौतुक केलं. किती वाढली, कशी टवटवीत झाली, काय देता हो खायला? मुक्ता सांगू लागली, बाजरीचं पीठ, तिसरा हिस्सा उकड काढायची. ती बाई म्हणाली, थांबा हं, लिहूनच घेते, आणि फोन काढून लिहू लागली. मुक्तानं सगळं नीट सांगितलं, ओवा किती, मिरी किती, आच केवढी. चार पावलांवर ईशानी बापाचं बोट धरून उभी होती. सांगून झाल्यावर मुक्तानं तिला हाक मारली, चल, घरी जाऊ या.

"आप चलिए," ईशानी म्हणाली. "मैं बाबा के साथ आती हूँ."

मुक्ता एकटी गल्लीतून घरी निघाली. जे बोलली ते मागे घ्यावं असं तिला वाटत नव्हतं. पुन्हा तशीच वेळ आली तर ती पुन्हा बोलली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याची किंमत काय तेही आता ठाऊक होतं. दार उघडून तिनं दिवा लावला, हात धुतले आणि उद्याच्या डब्यासाठी पिठात तूप चोळायला घेतलं.